शनिवारी पितळ उघडं पडणार

त्या भिंतीचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. डहाणू रोड स्टेशनकडून समुद्राच्या बाजूला जाताना चिकूची एक जुनी वाडी होती. झाडं गेली आणि तिथे हॉटेल उभं राहिलं. खांब काँक्रीटचे, जिने काँक्रीटचे आणि दारातून आत शिरल्याबरोबर समोर येते ती लांबलचक भिंत, तीही काँक्रीटचीच. इतकं सगळं ओतून झाल्यावर मालकाच्या मनात आलं की पाहुण्याला ही भिंत पितळेची दिसली पाहिजे. पितळेची असायची गरज नव्हती. दिसली की पुरे.

मी तलासरीला कामगारांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते. पत्रक लिहिणाऱ्याला अशी भिंत म्हणजे आयती मिळालेली ओळ. वर मुलामा, आत खडी आणि सिमेंट. ही ओळ मी फोनमध्ये टिपूनही ठेवली होती. अडचण एवढीच की तो मुलामा लावणारी बाई माझी सख्खी वहिनी होती आणि त्या भिंतीच्या जोरावर तिला मिस्त्री व्हायचं होतं.

मिस्त्री होणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचं घर गंजाडच्या एका पाड्यावर. भाऊ वाड्यांवर चिकू उतरवायला जातो, वहिनी बांधकामावर. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बिगारी. रेती चाळायची, घमेली वाहायची, स्लॅबवर पाणी मारायचं. तिच्याबरोबर घमेलं उचलायला लागलेले पुरुष बघता बघता थापी हातात घेऊन मिस्त्री झाले. बाई बिगारी लागते आणि बिगारीच म्हातारी होते. कोणी ठरवून असा कायदा केलेला नाही, म्हणून तो मोडताही येत नाही. आमच्याकडे त्या शब्दाला बाईचं रूपसुद्धा नाही. मिस्त्रीण म्हटलं तर ती मिस्त्रीची बायको.

या भिंतीवर मात्र वेगळं घडलं. पितळेचं काम दाखवायला वापीहून एक कारागीर आला. ठेकेदाराचे दोन मिस्त्री शिकायला बसले, पण त्यांना सवय प्लास्टरची, ते लेप जाड मारायचे. जाड लेप वाळताना तडकतो. कारागीर वैतागला आणि बादली धरून उभ्या असलेल्या वहिनीला म्हणाला, तू लगाके देख. वहिनीने लावला. घराची जमीन सारवताना हात जसा सपाट फिरतो तसा तिचा हात फिरला असं ती सांगते. ती स्वतःबद्दल कमी कधी सांगत नाही. पहिल्या नमुन्याला तिने हार्डनर जास्त घातला होता आणि लेप डब्यातच दगड झाला, ते ती हवेवर ढकलते.

कारागीर दुसऱ्या साइटवर गेला आणि भिंत वहिनीच्या हाती राहिली. ठेकेदार उंबरगावकडचा, घरी गुजराती बोलणारा. सगळे त्याला शेठ म्हणतात. शेठने तिला तोंडी सांगितलं, शनिवारी मुंबईहून आर्किटेक्ट बाई येणार. भिंत पास झाली तर आतले सगळे खांब तुझे. मिस्त्री म्हणून लावीन, मजुरी मिस्त्रीची.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती पिशवीत काँक्रीटचा एक तुकडा घेऊन. नमुन्याची लादी. वर काहीतरी राखाडी, मळकट थापलेलं होतं.

"हे पितळ?" मी विचारलं. "हे तर वाळलेलं शेण आहे."

"घास मग," ती म्हणाली आणि पॉलिश पेपर माझ्या हातात दिला.

मी घासलं. आधी नुसती धूळ निघाली. मग धुळीखाली एक पिवळी रेघ आली, रेघेचा डाग झाला, डागाचा तळहात झाला. भांड्यासारखं पिवळं, जड, गरम रंगाचं. आई चुलीपाशी होती, तिने मान वळवून विचारलं, सोनं का काय.

"पितल हाय," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात ळ नाही. "खरा पितल. पिठासारखा दललेला. डब्यातल्या चिकात कालवायचा, लावायचा, वालू द्यायचा. वालला का असा मेल्यासारखा दिसतो. मग त्याला उघडा पाडायचा."

हे उघडं पाडणं त्यांच्या साइटवरचा शब्द झाला होता. वापीचा कारागीर हिंदीत सांगायचा, अब पीतल खोलो. बायकांनी त्याचं मराठी केलं आणि मग त्यांना हसू आवरेना, कारण आपल्याकडे पितळ उघडं पडतं ते लबाड माणसाचं. दुपारी डबे उघडले की सुरू व्हायचं. आज कोणाचं पितल उघडं पडलं गं? सुपरवायझरचं. घासलास का त्याला? नाय, तो आधीच पातल, खालची खडी दिसेल.

मी पण हसले. पण मला शनिवारच्या आधी काय होणार आहे ते दिसत होतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

समुद्राच्या वाऱ्याने धूळ उडू नये म्हणून शेठने भिंतीपुढे ताडपत्री बांधली होती. म्हणजे भिंत आणि ताडपत्री यांच्यामध्ये एक बोळ झाला आणि त्या बोळात बायका घासायला उभ्या. नमुन्याचा एक पट्टा घासून झाला त्या दिवशी वहिनी परत आली तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर चकाकी होती. पाड्यावरच्या पोरी बघून म्हणाल्या, लग्नाला चाललीस का. तिने नाक शिंकरलं तेव्हा काळं निघालं. ब्लाउजच्या काखा हिरव्या झाल्या होत्या. चहा प्यायली आणि कप खाली ठेवून म्हणाली, लोखंड चाटल्यासारखा लागतो. मग खोकली. खोकला थांबला असं वाटलं की परत यायचा.

मी विचारलं, "तोंडाला काय बांधता?"

"पदर."

"पदर? पितळेचं पीठ पदराने अडतं?"

"अडवायला गेलं तर घासायचं कोणी?"

मालकाच्या भिंतीला लॅकर लागणार होतं, म्हणजे खाऱ्या हवेने ती काळी पडू नये. भिंतीची एवढी काळजी. तिच्यासमोर उभ्या असलेल्या सात बायकांच्या छातीसाठी बाजारात मिळणारा मास्क नाही. मी कुठल्या शब्दांत चिडले ते इथे लिहीत नाही. पत्रक काढायचं मी तिथेच ठरवलं.

वहिनीने ओळखलं. ती म्हणाली, "शनिवारपर्यंत गप ऱ्हा. एकदा मिस्त्री लागले का मीच मागेन. बिगारीनं मागितलं तर हाकलतात. मिस्त्रीनं मागितलं तर ऐकतात."

"आणि बाकीच्या सहा जणी? त्यांनी पण मिस्त्री होईपर्यंत थांबायचं?"

"तू पत्रकातलं बोलू नको माझ्याशी."

"मी साधं विचारतेय."

"साधं नाय. तुझं काय जातं? तू तलासरीला बसून लिहिणार. भिंतीसमोर मी उभी."

हे खरं होतं. पण सहा जणींचं पण खरं होतं, आणि त्यांच्यातल्या दोघी संघटनेच्या सभासद होत्या. त्यातल्या एकीने मला स्वतः फोन करून सांगितलं होतं की तिला दम लागतो. ऑफिसात मी हे मांडलं आणि पत्रक काढायचं नक्की झालं. नुसत्या एका मागणीचं. मास्क द्या, चांगले द्या, सगळ्यांना द्या. मथळा मला सुचला आणि मी तो सोडला नाही.

शनिवारी पितळ उघडं पडणार.

मथळा चांगला होता. आजही माझं तेच म्हणणं आहे. भिंतीचं पितळ आणि शेठचं पितळ एका ओळीत. हॉटेलचं नाव नाही, शेठचं नाव नाही, वहिनीचा तर उल्लेखच नाही. खाली मजकूर बारीक अक्षरात. मागणी काय ती त्यात. पण लोक मथळा वाचतात आणि पत्रकात वडे बांधतात, हे मला माहीत असायला हवं होतं असं नंतर सगळ्यांनी मला सांगितलं.

पत्रकं डहाणू रोडला स्टेशनबाहेर वाटली, गंजाडच्या नाक्यावर वाटली. त्यातलं एक शेठच्या टेबलावर गेलं. शेठला मराठी बोलता येतं, वाचायला जड जातं. त्याने सुपरवायझरला विचारलं, हे पितळ उघडं म्हणजे शुं? सुपरवायझर मसोलीचा, चांगलं मराठी जाणणारा. तो म्हणाला, शेठ, पोल खोल. शनिवारी मोर्चा आणतायत, बाईंच्या समोर.

शुक्रवारी शेठने वहिनीला परांचीवरून खाली बोलावलं. पत्रक दाखवलं. ही तुझी नणंद ने? उद्या तू येऊ नको. घासायला वापीहून माणूस येईल.

ती घरी आली तेव्हा चप्पल दारात न काढता तशीच आत आली. एवढ्यावरूनच आईने हातातलं काम ठेवलं.

"वाचून दाखव," वहिनी म्हणाली आणि चुरगळलेलं पत्रक माझ्यापुढे टाकलं. तिला वाचता येतं. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी वाचलं. मथळा वाचला, मागणी वाचली.

"यात माझ्याविरुद्ध काय आहे?" मी विचारलं.

"यात मी नायच. तेच आहे माझ्याविरुद्ध." ती खाली बसली. "माझा शब्द घेतलास. जेवताना बोललेला. आमचा बायकांचा शब्द. मला इचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून नाय इचारलंस."

भाऊ म्हणाला, जाऊ दे, दुसरं काम मिळेल. तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो कोंबड्या कोंडायला बाहेर गेला.

मग ती जे बोलली ते मला त्याआधी माहीत नव्हतं. भिंत सगळी सारखी वाळली नव्हती. डाव्या कोपऱ्यात, खाली, काँक्रीटला अजून घाम फुटत होता. कारागिराने जायच्या आधी दाखवलं होतं: भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले तर लेप लावायचा नाही. त्या कोपऱ्यात थेंब दिसले होते. भिंतीच्या मागे बागेच्या पाण्याची टाकी, तिचा पाइप गळत होता. वहिनीने सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, शनिवार जवळ आलाय, लावून टाक.

"आणि तू लावलंस?"

"लावलं." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला पण शनिवार पायजे होता."

"मग उद्या तू नसलेलीच बरी. तो माणूस घासेल, त्याच्या हातून निघेल, त्याच्यावर जाईल."

"आणि वरचं? वरचं सगलं माझं हाय. ते पण त्याच्यावर जाईल का?"

सकाळी ती नेहमीच्या वेळी निघाली. मी म्हटलं, शेठने काढलंय ना तुला.

"तोंडी लावलं होतं, तोंडी काढलं," ती म्हणाली. "त्यात काय लिहिलंय."

मी तिच्या मागून दुसऱ्या शेअर इको गाडीने गेले. तिने मला बरोबर घेतलं नाही.

हॉटेलच्या गेटवर पोचले तेव्हा गेट बंद होतं आणि वहिनी आत होती. वापीचा माणूस आलाच नव्हता. फोन उचलत नव्हता. आर्किटेक्ट बाईंची गाडी मनोर सोडून पुढे आली होती आणि भिंत मेलेल्या रंगाची. शेठला दुसरा इलाज नव्हता. सुपरवायझर गेटच्या फटीतून मला म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेरच. शेठ म्हणाला, तुम्ही आत दिसलात तर तुमच्या वहिनीला खाली उतरवणार."

मी बाहेरच थांबले. घोषणा नाही, काही नाही. गेटच्या जाळीतून भिंतीची उजवी बाजू दिसत होती, ताडपत्री वर गुंडाळलेली. वहिनी फळीवर, पदर नाकाला बांधलेला, जाड पेपर घेऊन वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केलेली. बाकीच्या जणी खाली तिच्या हाताशी.

तेवढ्यात टेम्पो आला.

टेम्पोतून आमचा पाडा उतरला. भाताची झोडणी आटोपली होती, लोक मोकळे होते. बायका लग्नातल्या लुगड्यांत. पुरुषांचे शर्ट धुतलेले. पुढे माझी मोठी आत्या, डोक्याला तेल, हातात नारळ. मागे आणखी दोन नारळ.

"आत्या, तुम्ही कशाला आलात?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? तूच कागद वाटलास ना. शनिवारी पितल उघडं पडणार. आमची सून पाडणार. बघायला नको?"

पाड्यावरच्या सगळ्यांना वहिनीच्या तोंडून तो शब्द माहीत होता. उघडं पाडणं म्हणजे घासून चकाकी काढणं. त्यांनी माझं पत्रक आमंत्रण म्हणून वाचलं होतं. माझ्या मथळ्याचा दुसरा अर्थ, ज्याच्यासाठी मी तो लिहिला, तो पाड्यावर एकालाही लागला नव्हता. आणि शेठला फक्त तो दुसराच लागला होता.

आतून सुपरवायझरने बघितलं आणि पळत गेला. त्याचा आवाज मला ऐकू आला. "शेठ, आले. टेम्पो भरून आले. हातात नारळ आहेत."

"नारियल शुं काम?"

"फेकायला असतील."

शेठ गेटपाशी आला. घामाघूम झाला होता. जाळीतून मला म्हणाला, "बेन, यांना पाछा लई जा. नाहीतर मी पोलीस बोलावते, ने तुझ्या भाभीला आत्ता ना आत्ता खाली उतरवते."

मी म्हटलं, "हा मोर्चा नाही."

"मग हे शुं छे?"

हे काय आहे ते सांगितलं तर तो हसेल आणि नाही सांगितलं तर वहिनी उतरेल. मी सांगितलं. तो हसला नाही. त्याला खोटं वाटलं. कोणाला खरं वाटलं असतं? ज्या बाईने पत्रक काढलं तीच म्हणतेय की पत्रकाचा अर्थ तसा नाही. फळीवरून वहिनीने एकदा इकडे बघितलं, सगळा पाडा बघितला, आणि परत भिंतीकडे वळली. हात थांबला नाही.

शेठने फोन कानाला लावला होता तेवढ्यात आर्किटेक्ट बाईंची गाडी गर्दीमागे येऊन उभी राहिली. काच खाली झाली. बाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी विचारलं, "इथे काय आहे?"

मी तोंड उघडण्याआधी आत्या गाडीपाशी पोचली होती. "उद्घाटन हाय," ती म्हणाली. "आमच्या सुनेनं भिंत केलीय. पितलाची. तुम्ही पण त्यासाठीच आलात ना?"

बाई म्हणाल्या, "हो. त्यासाठीच." आणि शेठला, "यांना येऊ दे आत. लांब उभे राहू देत."

आता शेठला नाही म्हणता येईना. गेट उघडलं. सगळा पाडा आत जाऊन ओल्या गवताच्या कडेला रांगेत उभा राहिला, देवळात राहतो तसा. मी त्यांच्या मागे. सुपरवायझर नारळांवर नजर ठेवून.

वरचं सगळं उघडं पडलं होतं. मी ती भिंत तेव्हा पहिल्यांदा तशी बघितली. राग तसाच होता, तरी खोटं लिहिणार नाही. सकाळचं ऊन तिरपं येत होतं आणि वहिनीच्या हाताच्या फेऱ्या पितळात दिसत होत्या, पाण्यावर वारा फिरतो तशा. नुसता पेपरचा आवाज आणि मधे खोकला. बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि मागे सरकल्या. खोकल्याकडे त्यांनी बघितलं, एवढं मी बघितलं.

वहिनी फळी सोडून खाली आली. उजवीकडून डावीकडे घासत चालली. ती कुठे चाललीय ते फक्त तिला, सुपरवायझरला आणि मला माहीत होतं. कोपऱ्यापासून हातभर अलीकडे तिने पेपर बदलला. बदलायची गरज नव्हती. मग घासलं.

पेपर भरला. धूळ उडाली नाही, चिखल झाला. तिने पुसून परत हात फिरवला आणि लेपाचा एक पापुद्रा ओल्या खपलीसारखा निघून तिच्या बोटावर आला. खाली ओलीने फुटलेला मिठासारखा पांढरा लोणा. तिने हात खाली घेतला.

बाई पुढे आल्या. नखाने कोपरा उचलला, आणखी एक पापुद्रा निघाला. "हे काय? हे कोणी केलं?"

सुपरवायझर शेठकडे बघू लागला. शेठने एक क्षणही घेतला नाही. हात लांब करून वहिनीकडे दाखवलं.

"आ मिस्त्रीनुं काम छे, मॅडम. ए मिस्त्रीला विचारा."

मी पाऊल पुढे टाकलं. पाइप, टाकी, प्लास्टिकचा तुकडा, सगळं माझ्या ओठांवर होतं. वहिनीने माझ्याकडे न बघता तळहात दाखवला. थांब.

"कोण मिस्त्री?" तिने शेठला विचारलं.

"तू ज ने. दुसरा कोण?"

तिने तोंडावरचा पदर सोडला. सगळा चेहरा राखाडी, नाक आणि ओठ तेवढे स्वच्छ. "आत्या," तिने हाक मारली, "शेठ मला काय म्हणाला, ऐकलंत?"

"मिस्त्री म्हणाला," आत्या गवताच्या कडेवरून म्हणाली. "सगल्यांनी ऐकलं." आणि आता वेळ झाली असं तिला वाटलं असावं, कारण तिने वाकून काँक्रीटच्या पायरीवर नारळ फोडला. सुपरवायझर दचकून मागे उडाला. पाणी पायरीवरून ओघळलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग बाकीच्यांनी पण वाजवल्या. उद्घाटनाला आलेच होते.

वहिनी टाळ्या संपेपर्यंत थांबली.

"मिस्त्री असेन तर मिस्त्रीचं सांगते," ती बाईंना म्हणाली. आवाज घोगरा होता. "इथं पाठी पाण्याचा पाइप गलतो. भिंत आतून ओली हाय. ओल्यावर धरत नाय. मी सुपरवायझरला सांगितलं होतं. तो म्हणाला लाव, मी लावलं. लावायला नको होतं. पाइप दुरुस्त करा, वालू द्या, एवढा पट्टा मी परत करून देते. वरचं बघा. वरच्यात काय असेल तर बोला."

बाई वर बघत राहिल्या. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या, परत आल्या. शेठ रुमालाने मान पुसत होता. बाई भिंतीमागे जाऊन पाइप बघून आल्या, त्यांच्या बुटांना चिखल लागला होता.

"वरचं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "खालचं परत. खांब हिनेच करायचे."

मला वाटलं संपलं. वहिनीला वाटलं नाही. तिला मध्येच खोकल्याची उबळ आली, ती भिंतीला हात न लावता गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, कारण उघड्या पितळाला घामाचा हात लागला की डाग पडतो. उबळ गेल्यावर ताठ झाली आणि म्हणाली, "आणि खांब घासायचे तर नाकाचं आणा. सगल्या बायकांना. तवर लेप लावून ठेवीन, घासणार नाय. राहू दे राखाडी."

शेठ माझ्याकडे बघत होता. हे मी शिकवलं असं त्याला वाटलं. मी शिकवलं नव्हतं. मी पत्रकात लिहिलं होतं, पण लिहिलेलं त्याने तिथपर्यंत वाचलं नव्हतं.

मास्क आले. पहिल्यांदा ते निळे, पातळ, दवाखान्यात वाटतात तसले. मी म्हटलं हे कामाचे नाहीत. वहिनीने पुडा तसाच सुपरवायझरच्या हातात परत ठेवला. मग गोल फिल्टरवाले आले, पण सात जणींत दोन. त्यावर अजून भांडण चालू आहे आणि दम लागणारी ती बाई काम सोडून घरी बसली आहे. तिच्यासाठी अजून काहीही झालेलं नाही.

नवीन पत्रकाचा मजकूर मी वहिनीला दाखवला. तिने मागितला नव्हता, तरी दाखवला. तिने बोट फिरवत वाचलं आणि एका शब्दावर थांबली.

"मुलामा काढ."

"का? मालकाबद्दल आहे ते."

"मालकाबद्दल असेल तर मालकाला चिकटव. भिंतीला नको. भिंतीवर मी काम केलंय."

आम्ही त्यावर जेवण होईपर्यंत वाद घातला. शब्द मी ठेवला, जागा बदलली. तिला पटलं नाही आणि मलाही पूर्ण पटलं नाही.

खांबांची मजुरी तिला मिस्त्रीची मिळते, कारण शेठ तो शब्द बोलला तेव्हा सगळा पाडा ऐकत उभा होता. पण रोजच्या बोलण्यात शेठ तिला ए बेन म्हणूनच हाक मारतो. कुठे लेप तडकला, कुठे डाग पडला, तेवढ्यापुरतं त्याला आठवतं आणि तो परांचीखाली उभा राहून ओरडतो, मिस्त्री कुठे गेली. मला याचा संताप येतो आणि मी तो घरी बोलून दाखवते. वहिनी केसांतली पिवळी धूळ झटकत म्हणते, म्हणू दे मिस्त्री, म्हणतो तर.